डावऱ्या माणसाने उलट्या आट्यांचा कॉर्कस्क्रू घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवरा डावखुरा, महिन्यातून दोन-तीन वेळा वाइन उघडतो, आणि दर दुसऱ्या बाटलीला बूच मध्येच तुटतं, अर्धं हातात, अर्धं मानेत आणि भुगा ग्लासात. तर वाढदिवसाला त्याला डावऱ्यांसाठीचा खास कॉर्कस्क्रू द्यावा का, का हा नुसता गिफ्टवाल्यांचा चावटपणा आहे?

चावटपणा नाहीये ताई, खरी वस्तू आहे आणि मी रोज तीच वापरतो. पण बूच तुटण्याचं कारण तुम्हाला वाटतंय ते नसावं, म्हणून जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

मी स्वतः डावरा. हॉटेल लाइनमध्ये 22 वर्षं झाली, आधी मुंबईत बँक्वेट, मग रेस्टॉरंटचा फ्लोअर, आता नाशिककडे वाइन सर्व्हिसची पोरं ट्रेन करतो. दर बॅचला एखादा तरी डावरा निघतोच, दहात एक असं जे प्रमाण सांगतात ते माझ्या अनुभवात बऱ्यापैकी जुळतं. आणि पहिल्या दिवशी बूच फोडणारा बऱ्याचदा तोच असतो, मग बिचारा सगळ्यांसमोर कानकोंडा होतो.

आधी फरक काय ते. साधा कॉर्कस्क्रू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की आत जातो, घरातल्या बाकी स्क्रू-बोल्टसारखाच. डावऱ्यांच्या कॉर्कस्क्रूचे आटे उलटे, तो काट्यांच्या विरुद्ध फिरवला की आत जातो. बास. लोकांना वाटतं साधाच उलटा धरला की झालं, तसं होत नाही. मळसूत्र उलटं धरा, आडवं धरा, खाली डोकं वर पाय करा, आट्यांची दिशा तीच राहते, फक्त आरशात बदलते. घरात उलटे आटे बघायचे असतील तर टेबल फॅनचं पातं ज्या प्लास्टिकच्या टोपीने घट्ट बसवलेलं असतं ती फिरवून बघा, ती उलटीच सुटते. सायकलचं डावं पेडलही तसंच. तिथे डावरेपणाचा काही संबंध नाही, चालताना भाग आपोआप सैल होऊ नये म्हणून ती सोय आहे, पण उलटे आटे म्हणजे काय ते हाताला कळतं.

आता हाताचं गणित. कोपर बरगडीला चिकटवा, हात काटकोनात समोर धरा आणि मनगट फिरवा. तळहात वर येईल असं फिरवताना दंडाचा मोठा स्नायू, ज्याला जिममधली पोरं बायसेप म्हणतात, तो कामाला लागतो. तळहात खाली नेताना तो नसतो, हाताचे छोटे स्नायू ते काम करतात आणि लवकर दमतात. उजव्या हाताची ही ताकदीची दिशा म्हणजे काट्यांप्रमाणे, स्क्रू आवळायची. डाव्या हाताची ताकदीची दिशा बरोबर उलटी. म्हणजे साधा कॉर्कस्क्रू डाव्या हाताने आत घालणारा माणूस प्रत्येक पिळाला आपल्या कमजोर स्नायूंवर काम करत असतो. याचा एक फायदा आम्हाला मिळतो तो कोणी सांगत नाही: उजव्या हाताच्या माणसाने सगळा जोर लावून आवळलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायची दिशा आमच्या ताकदीची असते. आमच्या घरी बरणी अडली की मलाच हाक येते, बायको याला माझं एकमेव उपयुक्त कौशल्य म्हणते.

पण बूच तुटतं ते ताकद कमी पडते म्हणून नाही तुटत, असं माझं मत आहे, आणि हे मी शेकडो हात बघून सांगतोय. गेल्या वर्षी दिंडोरीकडचा एक मुलगा ट्रेनिंगला होता, डावरा, हाताला चांगला दणकट, शेतात काम केलेला. दिवसभरात त्याने चार बुचं फोडली. मी बाजूला उभं राहून नुसतं बघत होतो. पहिले दोन पीळ व्यवस्थित. तिसऱ्या पिळाला मनगट तळहात खाली होईपर्यंत फिरून संपलं, पण त्याला अजून थोडं फिरवायचं होतं, म्हणून त्याचं कोपर हळूच अंगापासून सुटून बाहेर वर आलं. कोंबडी पंख उचलते ना तसं. कोपर वर गेलं की मूठ कलते, मूठ कलली की स्क्रू कलतो, आणि तो तिरका स्क्रू बुचाच्या मध्यातून सरळ खाली न जाता कडेला जाऊन काचेला घासायला लागतो. आता ओढा. ज्या बाजूला स्क्रूने भिंत कुरतडली तिथूनच बूच फाटणार. मी त्याला सांगितलं, ही माझी टोपी डाव्या काखेत धर आणि पडू देऊ नको. टोपी काखेत ठेवून पाचवं बूच अख्खं निघालं. पोरगा माझ्याकडे असा बघत होता जसा मी मंत्र मारला.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. नवऱ्याला काखेत रुमाल धरून एक बाटली उघडायला सांगा. अजून एक, टोक बुचाच्या अगदी मध्यबिंदूवर टेकवू नका. वेटोळ्याचं टोक वेटोळ्याच्या कडेला असतं, त्यामुळे टोक मध्यावर टेकवलं तर अख्खा स्क्रू एका बाजूला सरकतो. टोक केसभर बाजूला टेकवायचं म्हणजे वेटोळं मध्यात बसतं. आणि स्क्रूचा शेवटचा एक वेढा बाहेर ठेवायचा, अगदी तळापर्यंत घुसवला की खालून भोक पडतं आणि तुम्ही म्हणताय तो भुगा तिथूनही येतो. बूच बाटलीत जाण्याआधी साधारण 24 मिलिमीटर जाड असतं आणि बाटलीच्या मानेत जागा जेमतेम साडेअठरा मिलिमीटर, म्हणजे ते आत दाबून कोंबलेलं असतं, त्याला जरा तिरकं ओढलं की ते राग धरणारच.

हे करूनही त्रास होत असेल तर साधा कॉर्कस्क्रूच वापरून दोन पर्याय आहेत. एक म्हणजे उजव्या हाताने पिळा आणि डाव्याने ओढा. मी नोकरीची पहिली कितीतरी वर्षं असंच केलं, कारण कॅप्टन जे देईल ते ओपनर वापरायचं, तिथे कोण विचारतो तू डावरा का. आठवड्याभरात उजवा हात शिकतो, पिळणं हे काही सही करण्याइतकं बारीक काम नाही. दुसरं, घरी टेबलावर उघडत असाल तर कॉर्कस्क्रू डाव्या हातात स्थिर धरून उजव्या हाताने बाटलीच फिरवा. दिसायला गावठी दिसतं पण कोपर जागचं हलत नाही. फक्त जुनी वाइन असेल, तळाला गाळ असेल, तर बाटली फिरवायची नाही, सगळं गढूळ होईल.

थोडा इतिहास, मला आवडतो म्हणून. कॉर्कस्क्रू हा मुळात बंदुकीच्या नळीत अडकलेला बार आणि चिंध्या उपसायच्या मळसुत्रावरून आलाय असं मानतात, आणि त्याचं पहिलं पेटंट 1795 साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल हेन्शॉल नावाच्या पाद्र्याने घेतलं. पाद्र्याने! त्याने केलं एवढंच की स्क्रूच्या वरती एक चकती बसवली. स्क्रू पूर्ण आत गेला की चकती बुचावर टेकते, पुढच्या पिळाला बूचच जागच्या जागी फिरतं आणि काचेला धरलेली पकड सुटते. म्हणजे ताकदीने ओढायच्या आधी पिळून सैल करायचं ही अक्कल तेव्हापासूनची. आपण जो खिशातला दुमडणारा वापरतो, वेटर्स फ्रेंड, तो 1882 सालचा, कार्ल वीन्के या जर्मन माणसाचा. या सगळ्यांनी आटे उजवेच ठेवले कारण बहुतेक जग उजवं, त्यात कट वगैरे काही नाही. डावऱ्यांचं सामान विकणारं दुकान लंडनच्या सोहोमध्ये 1968 साली निघालं, कात्र्या, कॅन ओपनर असलं सगळं, आणि 13 ऑगस्टला तर आता आमचा आंतरराष्ट्रीय दिवस पण असतो. हॉटेलात त्या दिवशी मला कोणी केक आणलेला नाही अजून.

बरं, आता डावऱ्यांचा कॉर्कस्क्रू कधी घ्यावा. माझं गणित असं आहे. वेटर्स फ्रेंडच्या स्क्रूला साधारण पाच वेढे असतात, आणि मनगट एका दमात अर्धा फेरा फिरतं, म्हणजे एका बाटलीला आठ-दहा पीळ. लग्नाच्या सीझनला एका रात्री मी 40 बाटल्या उघडल्या तर 400 पीळ झाले, सगळे कमजोर दिशेने. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ यायची. उलट्या आट्यांचा घेतल्यावर ती कळ गेली, हे मी अनुभवाने सांगतो. पण तुमच्या घरी महिन्याला तीन बाटल्या म्हणजे 30 पीळ. तिथे दुखण्याचा प्रश्नच येत नाही, सोयीचा येतो.

आणि एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, ज्याने वीस वर्षं साध्या कॉर्कस्क्रूवर हात बसवलाय त्याला उलटा दिला की पहिले काही दिवस तो जास्त गोंधळतो. डोकं म्हणतं डावीकडे, हात सवयीने उजवीकडे. मला साधारण पंधरा दिवस लागले. एकदा तर भर टेबलावर, गेस्ट बघत असताना, मी उलटा स्क्रू काट्यांप्रमाणे फिरवत बसलो आणि तो आतच जाईना, बुचावर नुसता खरवडत राहिला, मी हसून म्हटलं सर जरा हट्टी बूच आहे. हट्टी मी होतो.

पिळण्यापेक्षा मला स्वतःला जास्त छळलं ते फॉइलच्या पात्याने. हे कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर सांगतो. वेटर्स फ्रेंडला एक छोटं दातेरी पातं असतं, मानेवरची फॉइल कापायला. हे पातं बऱ्याचदा एकाच बाजूने धार लावलेलं असतं आणि ते उघडायची नखाची खाच पण एकाच बाजूला असते, उजव्या अंगठ्याच्या सोयीने. डाव्या हाताने उघडायला गेलं की खाच पलीकडे, मग ओपनर फिरवा, दाताने उघडा (हे गेस्टसमोर करू नका, मी केलंय), आणि कापताना एका बाजूची धार वर किंवा खाली पळते, फॉइलचा काठ करवतीसारखा निघतो. फॉइल बाटलीच्या तोंडाशी जो जाड काठ असतो त्याच्या खाली कापायची असते, म्हणजे ओतताना वाइन तिला लागत नाही. दोन अर्धे काप, एक पुढून, एक मागून, मग उभा एक काप देऊन टोपी उचलायची. उजव्या हाताची पोरं पहिल्या तासात शिकतात, डाव्याला दोन दिवस लागतात, आणि त्यात चूक त्याची नसते. म्हणून डावऱ्यांचा म्हणून विकलेला कॉर्कस्क्रू घेताना फक्त स्क्रू उलटा आहे का एवढं बघू नका, पातं पण उलट बाजूचं आहे का ते बघा. नसेल तर चार चाकांचा तो छोटा फॉइल कटर वेगळा घ्या, मानेवर बसवून फिरवला की झालं, त्याला डावं-उजवं काही नाही.

सर्व्हिसचं तर वेगळंच रामायण आहे. नियम असा की वाइन गेस्टच्या उजवीकडून, उजव्या हाताने ओतायची, लेबल गेस्टकडे. डाव्या हाताने त्याच बाजूने ओतायला गेलं की तुमचं कोपर गेस्टच्या नाकापुढे येतं. शिवाय आपल्याकडे डाव्या हाताने दिलेलं खाणंपिणं काही लोकांना चालत नाही, एका आजींनी माझ्या हातून पाणी पण घेतलं नव्हतं. त्यामुळे मी डावऱ्या पोरांना सांगतो, उघडताना तुझ्या हाताने उघड, ओतताना उजवा हात शिक. घरी नवऱ्याने कसंही ओतावं, तो त्याचा आणि तुमचा प्रश्न.

आता सगळ्यात महत्त्वाचा अपघात. माझा उलटा ओपनर मी एकदा चुकून फ्लोअरच्या कॉमन ड्रॉवरमध्ये टाकला. संध्याकाळी एका कलीगने तोच उचलला, गडबड होती, आठ जणांचं टेबल. तो बिचारा काट्यांप्रमाणे फिरवतोय आणि स्क्रू आत जात नाहीये. उलट्या आट्यांचा स्क्रू सुलट्या दिशेने फिरवला की तो बुचाला पकडतच नाही, नुसता मागे सरकतो. त्याला वाटलं टोक बोथट झालंय, म्हणून त्याने जोर देऊन दाबायला सुरुवात केली. दाबता दाबता बूच भप्पकन बाटलीत, आणि रेड वाइनचा फवारा थेट समोरच्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. ड्रायक्लीनिंगचे पैसे माझ्या पगारातून गेले आणि त्यात मॅनेजरची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. तेव्हापासून माझ्या ओपनरला लाल दोरा बांधलेला असतो आणि तो माझ्या एप्रनच्या खिशातच असतो. टूथब्रशसारखी वस्तू आहे ती, एकाची.

यातूनच तुमचं उत्तर निघतं. घरात तुम्ही पण बाटली उघडता का? पाहुणे उघडतात का? उघडत असाल तर एकुलता एक कॉर्कस्क्रू उलटा ठेवू नका, भांडणं होतील.

त्याऐवजी ज्याला बाटलीच्या तोंडावर बसणारी चौकट असते असा घ्या. कारण मघाशी म्हटलं तसं खरा गुन्हेगार म्हणजे तिरका जाणारा स्क्रू, आणि चौकट स्क्रूला तिरकं जाऊच देत नाही, मग कोपर कितीही उडो. दोन पंखांचा जो येतो, हात वर करून उभ्या बाहुलीसारखा, तो या जातीचा, पण स्वस्तातल्या पंखवाल्यांना वेटोळं नसतं, सुताराच्या गिरमिटासारखा भरीव दांडा असतो, तो बुचाचा मध्य कुरतडून टाकतो. वेटोळ्याच्या पोकळीतून काडेपेटीची काडी वरून खाली जाते का बघा, गेली तर चांगला. त्याहून बरा स्क्रूपुल पद्धतीचा, टेक्सासमधल्या हर्बर्ट ॲलन या तेलविहिरींच्या इंजिनिअरने 1970च्या दशकाच्या शेवटी काढलेला. लांब वेटोळं, त्याला नॉनस्टिक तव्यासारखा टेफ्लॉनचा थर, एकाच दिशेने फिरवत राहायचं आणि बूच आपोआप वर चढून येतं, ओढायचंच नाही. दिशा आमच्या कमजोर बाजूचीच असते पण टेफ्लॉनमुळे जोर लागत नाही. बॅटरीवाला पण चालतो, बटण दाबायला डावं काय नि उजवं काय. आणि जुन्या, भुसभुशीत बुचांसाठी दोन पात्यांचा चिमटा मिळतो, त्याला आह-सो म्हणतात, स्क्रूच नाही त्याला, दोन पाती बुच आणि काचेच्या मधून डुलवत डुलवत खाली घालायची आणि पिळत वर काढायचं, हव्या त्या दिशेने पिळा. फक्त सैल बुचाला लावू नका, आत ढकललं जातं.

स्क्रू कॅपचं, म्हणजे बुचाऐवजी पिळून उघडायच्या झाकणाचं म्हणाल तर ती वादच संपवते. 2000 साली ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या रिस्लिंग ही पांढरी वाइन बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन बूच सोडलं, पुढच्या वर्षी न्यूझीलंडवाल्यांनी तेच केलं, आणि आपल्या नाशिकच्याही बऱ्याच बाटल्यांना आता स्क्रू कॅपच असते. ती उघडायची दिशा आमच्या ताकदीची.

पण तुम्ही विचारलंय गिफ्टचं. नवऱ्याला बाटली उघडायच्या त्या सोहळ्यातच मजा वाटत असेल, फॉइल कापणं, बूच हुंगणं, तो टप् आवाज, तर द्या, जरूर द्या. आयुष्यभर उजव्यांच्या कात्र्या आणि उजव्यांच्या बाकड्यांवर काढलेल्या माणसाला एक तरी वस्तू आपल्या हातासाठी बनलेली मिळाली की तो काय खूश होतो ते मला माहीत आहे. बाटलीच्या काठावर टेकवून बूच उचलायची जी पट्टी असते ती दोन सांध्यांची असलेला वेटर्स फ्रेंड घ्या, म्हणजे बूच दोन टप्प्यांत सरळ वर येतं, एका सांध्याचा घेतला तर अर्ध्यानंतर ते वाकतं. सोबत घरात एक साधा पण ठेवा.

आपल्याकडे दुकानात तो सहसा मिळत नाही, ऑनलाइनच मागवावा लागतो आणि साध्यापेक्षा चांगलाच महाग पडतो. पार्सल आलं की बाटली शोधत बसू नका, आधी स्क्रू उभा धरा आणि समोर दिसणारे वेढे बघा. डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर तो साधा आहे, उजवीकडून डावीकडे वर चढत असतील तर डावऱ्यांचा. मला एकदा डब्यावर मोठ्या अक्षरात डाव्या हाताचा लिहून आत साधाच आला होता, आणि मी रिटर्नची मुदत संपल्यावर तो उघडून बघितला.